हंगामात पडलेलं कुलूप: एका पॅकहाऊस सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं प्रकरण

या प्रकरणातली फर्म, तिचे ग्राहक आणि त्यांचे आकडे नमुन्यादाखल रचले आहेत. कर, बँक आणि कॉम्प्युटरबद्दलचे तपशील मात्र प्रत्यक्षातले आहेत. छोटा डेव्हलपर ‘एकदाच पैसे’ सोडून वार्षिक सबस्क्रिप्शनकडे वळतो तेव्हा नेमकं कुठे अडखळतं, ते एकाच प्रकरणात दिसावं म्हणून ही मांडणी.

फर्म दोन भागीदारांची, ऑफिस नाशिकच्या सातपूरला. माल एकच: द्राक्ष पॅकहाऊसचं, म्हणजे द्राक्षं निवडून खोक्यांत भरणाऱ्या केंद्राचं सॉफ्टवेअर. शेतकऱ्याच्या क्रेटची आवक काट्यावरून थेट घ्यायची, प्लॉटच्या नोंदणी क्रमांकाशी जोडायची, खोक्यांची लेबलं छापायची, कंटेनरची पॅकिंग लिस्ट काढायची आणि शेवटी शेतकऱ्याचा हिशेब करायचा. विंडोजवर चालणारं, डेटाबेस पॅकहाऊसमधल्याच मुख्य कॉम्प्युटरवर. ग्राहक ६४, दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत, ओझर आणि थोडे सटाण्याकडचे.

आधी भाव होता एकदाच ४५,००० रुपये, वर वर्षाला ८,००० रुपये एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार. असे ग्राहक ४१, त्यातले एएमसी भरणारे जेमतेम १५. बाकीचे फोन मात्र हक्काने करत. तालुक्यात नवीन पॅकहाऊस दरवर्षी किती उघडणार? नवी विक्री आटली, पण विंडोज बदलतं, प्रिंटर बदलतात, परदेशी खरेदीदार लेबलावर नवं काहीतरी मागतो, आणि हे काम दरवर्षी असतंच. म्हणून नव्या ग्राहकांसाठी वार्षिक १८,००० रुपये, पहिल्या तीन कॉम्प्युटरपुढे प्रत्येकी ४,००० असा दर ठरला. निर्णय योग्य होता. असे २३ ग्राहक झाले. घोटाळा दरात नव्हता, लायसन्सच्या फाइलमध्ये होता.

दोन तासांचा हिशेब

२०२४ च्या फेब्रुवारीतली गुरुवारची रात्र. दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाऊसला रेफर (शीत) कंटेनर लागलेला, न्हावाशेव्याला जायचा. पाच किलोच्या खोक्यात अर्ध्या किलोचे दहा पनेट (प्लास्टिकचे छोटे डबे), आणि अशी दोन हजारांहून जास्त खोकी. पावणेनऊला लाइट गेली. जनरेटर मिनिटभरात सुरू झाला, पण मुख्य कॉम्प्युटरच्या यूपीएसची बॅटरी मेलेली. कॉम्प्युटर बंद पडला.

परत सुरू करताना काळ्या पडद्यावर तारीख-वेळ सेट नसल्याची सूचना आली आणि एफ-वन दाबायला सांगितलं. ऑपरेटरने दाबलं. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, संपलेला होता. एरवी यूपीएसमुळे बोर्डाला सतत वीज मिळत असल्याने ते कळलं नव्हतं. विंडोज उघडलं ते १ जानेवारी २०१८ या तारखेवर. सॉफ्टवेअरने पाहिलं, की आपण शेवटचे चाललो २०२४ मध्ये आणि घड्याळ आता सहा वर्षं मागे आहे. मुदत चुकवायला कुणी तारीख मागे केली, असा अर्थ लावून त्याने सगळंच बंद केलं आणि लाल चौकट दाखवली: ‘परवाना अवैध’.

ऑपरेटरने ‘ऑनलाइन नूतनीकरण’ दाबलं. उत्तर आलं: ‘इंटरनेट तपासा’. इंटरनेट उत्तम चालू होतं. पण सुरक्षित जोडणी करताना कॉम्प्युटर सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. २०१८ च्या घड्याळाला ते प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेलं दिसलं आणि त्याने जोडणी नाकारली. सॉफ्टवेअरमध्ये जोडणीच्या प्रत्येक अपयशाला एकच संदेश लिहिलेला. बिचाऱ्याने राउटर दोनदा बंद-चालू केला.

सव्वानऊला फर्मला फोन गेला. भागीदाराने मशीन क्रमांकाचा फोटो मागवला, नवी लायसन्स-की तयार करून पाठवली. ती टाकली तर ‘लायसन्स अजून सुरू झालेलं नाही’, कारण लायसन्स-की २०२४ ची, घड्याळ २०१८ चं. आता तारीख दुरुस्त करायची. पण विंडोजमध्ये तारीख बदलायला ॲडमिनचे अधिकार लागतात, आणि तो पासवर्ड हार्डवेअरवाल्याकडे. तो लग्नाला गेलेला. दहाला फोन लागला, तारीख बदलली. तरी कुलूप तसंच! घड्याळ मागे गेल्याची खूण सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, कायमची लिहून ठेवली होती. मग दुरून जोडून ती नोंद पुसली. पहिलं लेबल निघालं दहा पन्नासला. दोन तास पाच मिनिटं. तोवर पॅकिंगच्या टेबलांवरच्या बाया हात बांधून बसलेल्या, प्रीकूलिंगच्या थंड खोलीतला माल बाहेर काढता येईना, आणि मालक दर दहा मिनिटांनी एकच प्रश्न विचारत होता: ‘अहो, पैसे भरलेत ना आम्ही?’

भरले होते. मुदत एप्रिलपर्यंत होती.

विंडोज आपोआप वेळ जुळवून घेईल, असं पुष्कळांना वाटतं. जो कॉम्प्युटर डोमेनला (कंपनीच्या सामाईक विंडोज नेटवर्कला) जोडलेला नाही त्याच्यावर विंडोजची वेळ-सेवा मूळ सेटिंगनुसार ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तासांहून मोठा फरक स्वतःहून दुरुस्त करत नाही. सहा वर्षांचा फरक तर सोडाच.

इथे फर्मच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. तारीख चुकलेली असताना लेबल न छापणं हे बरोबरच होतं. त्या लेबलावर पॅकिंगची तारीख असते. ०१-०१-२०१८ छापलेली दोन हजार खोकी युरोपात उतरली असती तर दोन तासांच्या खोळंब्याचं कुणाला काही वाटलं नसतं. चूक थांबवण्यात नव्हती. सॉफ्टवेअरने बिघाडाला चोरी समजलं, आणि ते खरं कारण सांगू शकलं नाही.

एक तारीख, तीन कामं

त्या रात्रीनंतर फर्मने २३ सबस्क्रिप्शनची यादी काढली तेव्हा दुसरी, मोठी अडचण समोर आली. १४ ग्राहकांनी जानेवारी ते मार्चमध्ये घेतलं होतं. साहजिक आहे, गरज तेव्हाच भासते. लायसन्स खरेदीपासून ३६५ दिवसांचं, म्हणजे दरवर्षी मुदत संपणार तीही जानेवारी ते मार्चमध्येच, ऐन काढणीत. त्या वेळी मालक चेकवर सही करायलाही जागेवर नसतो.

सॉफ्टवेअरच्या दुनियेत खरेदीच्या दिवसापासून वर्ष मोजायची पद्धत रुळलेली आहे, कारण तिथे ग्राहक बाराही महिने सारखंच काम करतात. द्राक्षात वर्षाला आकार असतो. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी (फळाची) छाटणी, जानेवारी ते एप्रिल काढणी. त्यात सटाणा, देवळा, कळवणकडची अर्ली द्राक्षं. तिथे छाटणी पावसाळ्याच्या तोंडावर आणि माल ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून.

फर्मचा पहिला विचार: सगळ्यांची मुदत ३० सप्टेंबरला आणू, हंगामाआधी. कागदावर छान दिसतं. पण सप्टेंबरात गोडी छाटणी, मजुरी, औषधं, सगळ्यांचे पैसे बाहेर जातात आणि येणं शून्य असतं. पॅकहाऊसवाल्याकडे निर्यातीचे पैसे जमा होतात ते मे-जूनमध्ये. मग जूनलाच मुदत संपवावी? जूनमध्ये तो म्हणतो, ‘आत्ता कशाला? मशीनवर ताडपत्री टाकलीय.’ दोघांचंही खरं.

तिढा सुटला तो एका तारखेच्या तीन तारखा केल्यावर. लायसन्सच्या फाइलमध्ये ‘मुदत’ या एकाच रकान्यावर तीन कामं लादली होती: पैसे कधी मागायचे, सेवा कधीपर्यंत द्यायची आणि कुलूप कधी लावायचं. आता बिल १ जूनला निघतं. ३० जूनपर्यंत भरलं तर १६,२००, नंतर पूर्ण १८,०००. सेवेची मुदत ३० सप्टेंबर. आणि कुलपाची तारीख ३० नोव्हेंबर. डिसेंबर ते मे कुणाचंही लायसन्स संपत नाही, संपूच शकत नाही. लायसन्स तयार करणारा प्रोग्रॅम त्या सहा महिन्यांतली कुलपाची तारीख स्वीकारतच नाही.

ज्या १४ जणांची मुदत हंगामात संपत होती त्यांना ३० सप्टेंबरपर्यंत फुकट वाढवून दिलं. सरासरी ७ महिने धरले तर १०,५०० रुपये एकेकाचे, एकूण १,४७,०००. दोन माणसांच्या फर्मला हा आकडा लहान नाही. पण एकदाच सोसायचा होता.

नवा ग्राहक अधेमधे आला तर? इथे बहुतेक जण दिवसांच्या प्रमाणात भाव लावतात आणि फसतात. १० फेब्रुवारी २०२४ ला घेतलं तर ३० सप्टेंबरपर्यंत २३४ दिवस. १८,००० गुणिले २३४ भागिले ३६६, म्हणजे सुमारे ११,५०८ रुपये. पण त्या ग्राहकाने एप्रिलपर्यंत वापरून बंद केलं, तर वर्षाचं सगळं काम त्याने दोन-तृतीयांश पैशात करून घेतलं. म्हणून डिसेंबर ते एप्रिलमध्ये येणाऱ्याला पूर्ण १८,०००. मे ते नोव्हेंबरमध्ये येणाऱ्याला पुढच्या वर्षाच्या ३० सप्टेंबरपर्यंतचं लायसन्स त्याच १८,००० मध्ये. बिलावर ‘१ वर्ष’ हे शब्द काढून ‘हंगाम २०२४-२५’ असं छापलं. हे दोन शब्द बदलल्यावर ‘वर्ष कुठे झालं?’ हा वाद जवळपास मिटला. ग्राहक स्वतःचा हिशेब हंगामावरच करतो.

फाइलच्या आत

जुनं लायसन्स म्हणजे ग्राहकाचं नाव आणि तारीख एका गुप्त कीने सांकेतिक केलेली ओळ. ती गुप्त की प्रोग्रॅमच्याच आत. ज्याला प्रोग्रॅम उकलता येतो त्याला हवी तितकी लायसन्स बनवता येतात. नव्या रचनेत सहीची पद्धत घेतली: खाजगी की फक्त फर्मकडे, प्रोग्रॅममध्ये फक्त तपासणीची सार्वजनिक की. सॉफ्टवेअर ज्यात लिहिलंय त्या डॉटनेटमध्ये ईसीडीएसए ही सहीची पद्धत आधीपासून असते, वेगळी लायब्ररी लागत नाही. फाइल साधा मजकूरच असतो: ग्राहक क्रमांक, जीएसटी क्रमांक, कॉम्प्युटरची संख्या, फाइल काढल्याची तारीख, सेवेची मुदत, कुलपाची तारीख, कीचा अनुक्रमांक, आणि तळाशी सही. कुणी नोटपॅडमध्ये उघडून तारीख बदलली तर सही जुळत नाही, बस्स. कीचा अनुक्रमांक विसरू नये. उद्या खाजगी की फुटली तर नवी सुरू करताना जुन्या फाइली एकदम बाद होऊ नयेत, म्हणून तो लागतो. खाजगी की दोन पेनड्राइव्हवर, त्यातला एक बँकेच्या लॉकरमध्ये. ती हरवली तर एकही नूतनीकरण करता येणार नाही.

फाइलचं नाव शेवटी डॉट टीएक्सटी. कारण अगदी जमिनीवरचं आहे: ती व्हॉट्सॲपवर जाते, मोबाइलमधून यूएसबी केबलने कॉम्प्युटरवर येते, आणि अनोळखी शेपूट असलेली फाइल मोबाइलमध्ये सापडता सापडत नाही.

मशीन क्रमांक हा दुसरा काटा. जुन्या पद्धतीत नेटवर्क कार्ड, डिस्क आणि मदरबोर्ड या तिघांचे क्रमांक एकत्र करून एक खूण बनवली होती. तिघांतलं एक बदललं तरी खूण बदलते. कुणी वायफायचा यूएसबी तुकडा लावला, विंडोजने त्यालाच पहिलं कार्ड मानलं, लायसन्स गेलं. स्वस्त बोर्डांवर क्रमांकाच्या जागी कारखान्यातलं ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ (निर्मात्याने भरावं) हे वाक्य तसंच राहिलेलं असतं. अशी दोन मशीन सॉफ्टवेअरला एकच वाटतात. भाड्याचे कॉम्प्युटर तर एकाच डिस्कवरून हुबेहूब क्लोन केलेले, त्यांच्या रजिस्ट्रीतला मशीनगाइड, म्हणजे विंडोजने दिलेला ओळख क्रमांक, अक्षरशः तोच. आणि हंगाम संपला की ते भाड्याने दिलेल्याकडे परत जातात. त्यांच्या नावावरची जागा मोकळी करायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

फर्मने इथे हुशारी केली असं आम्हाला वाटतं: बाकीच्या कॉम्प्युटरची ओळख ठेवणंच सोडून दिलं. लायसन्स फक्त मुख्य कॉम्प्युटरवर. तिथल्या डेटाबेसला एका वेळी किती जण जोडलेत ते मोजायचं, बस. प्रत्येक जोडलेला कॉम्प्युटर दर दोन मिनिटांनी हजेरी लावतो. दहा मिनिटं हजेरी नाही तर जागा मोकळी. ही दहा मिनिटांची अट नसेल तर लाइट गेल्यावर सगळ्या जागा ‘भुतांनी’ अडवलेल्या राहतात आणि परत चालू झालेल्या कॉम्प्युटरला ‘जागा शिल्लक नाही’ असं उत्तर मिळतं. मुख्य कॉम्प्युटरसाठी तिघांपैकी दोन क्रमांक जुळले तरी चालतं, आणि कारखान्याचं रिकामं वाक्य किंवा नुसती शून्यं वा नुसते ‘एफ’ आले तर तो क्रमांक मोजायचाच नाही.

ग्राहकाने बॅकअप म्हणून पूर्ण डिस्कची प्रत ठेवली तर तिला विरोध नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एए) नुसार प्रोग्रॅम कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे त्याला नुकसानीपासून बचावासाठी प्रत काढता येते. त्या प्रतीवरून एखाद्या रात्री पॅकहाऊस चालू होत असेल तर चालू द्यावं. मशीन वेगळं दिसलं तर १५ दिवसांची सूट आपोआप मिळते.

घड्याळाचं काय केलं

खरी तारीख ठरवायला साक्षीदार चार. लायसन्स फाइल काढल्याची तारीख, डेटाबेसमधल्या आवकीच्या नोंदी, सर्व्हरशी शेवटचा संपर्क आणि कॉम्प्युटरचं घड्याळ. घड्याळ फाइलच्या तारखेच्याही मागे असेल तर ते नक्कीच बिघडलेलं आहे. ग्राहक काही स्वतःचं लायसन्स मिळण्याआधीच्या काळात जगत नाही. अशा वेळी पडद्यावर मोठ्या अक्षरांत: ‘कॉम्प्युटरची तारीख चुकली आहे. आजची तारीख इथे लिहा.’ ऑपरेटर तारीख लिहितो, सॉफ्टवेअर घड्याळातला फरक स्वतःजवळ ठेवतं आणि लेबलावर दुरुस्त तारीख छापतं. विंडोजच्या ॲडमिन पासवर्डची गरजच उरत नाही. खाली बारीक अक्षरांत: ‘आतला सेल बदलून घ्या, सीआर२०३२.’

उलटा बिघाडही होतो आणि तो जास्त छळतो. कुणीतरी चुकून २०२४ ऐवजी २०४२ टाकलं, दोन नोंदी झाल्या, मग तारीख सुधारली. ‘आजवरची सर्वात पुढची तारीख’ लक्षात ठेवणारं सॉफ्टवेअर इथे कायमचं अडकतं. त्याच्या मते लायसन्स अठरा वर्षांपूर्वी संपलं. म्हणून सर्वात मोठी तारीख धरायची नाही. शेवटच्या ५० नोंदी घ्यायच्या, तारखांच्या क्रमाने लावायच्या आणि मधली तारीख धरायची. दोन चुकार नोंदींनी ती हलत नाही.

जोडणी तुटली तर आता कारण वेगळं सांगितलं जातं: नाव सापडलं नाही, सर्व्हर बंद आहे, की प्रमाणपत्राची तारीख जुळत नाही. तिसरं असेल तर इंटरनेटचं नावच काढायचं नाही.

आणि इंटरनेट नाहीच, फाइलही मोबाइलवर येत नाही, अशा रात्रीसाठी फोनवरचा कोड. पडद्यावर सहा आकडे दिसतात, ते फोनवर सांगायचे. फर्मचा माणूस त्याच्या बदल्यात दुसरे सहा आकडे सांगतो. ७२ तास सगळं चालू. आधी अक्षरं-आकडे मिसळलेला दहाचा कोड होता. ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ यांतला फरक जनरेटरच्या आवाजात कळत नाही. नुसते आकडे, दोन-दोनच्या जोडीत, ‘त्रेचाळीस, सोळा, नव्वद’ असे. या कोडाचं गुपित प्रोग्रॅमच्या आत असल्याने पक्का माहीतगार ते फोडू शकतो, हे फर्मला ठाऊक आहे. फोडून मिळणार काय, तर तीन दिवस, महिन्यात फार तर दोनदा. या धोक्याला रात्रीच्या कंटेनरइतकं वजन देण्यात अर्थ नाही. पाच वेळा चुकलं की दहा मिनिटं थांबायचं, एवढी अट पुरते.

कुलूप कशाला लावायचं

आधी कुलूप म्हणजे सगळं बंद, अगदी जुनं बिल पाहणंही. हे धंद्याला वाईट, शिवाय ग्राहकाला कायद्याने अडचणीत टाकणारं. जीएसटीच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तकं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. सबस्क्रिप्शन थांबवलेल्या ग्राहकाचा डेटा तुमच्या कुलपात अडकला तर तो वकिलाकडेच जाणार.

आता सेवेची मुदत संपली की वर पिवळी पट्टी येते, बाकी सगळं चालू. कुलपाची तारीख उलटली की नवा हंगाम उघडता येत नाही. जो हंगाम आधीच उघडलाय त्यातली आवक, लेबल, पॅकिंग लिस्ट शेवटपर्यंत चालते. आणि जुना डेटा बघणं, छापणं, एक्सेलमध्ये काढणं हे कधीच बंद होत नाही, पैसे भरा अथवा भरू नका. ‘मग भरेल कोण?’ हा धाकट्या भागीदाराचा प्रश्न होता. नवा हंगाम उघडल्याशिवाय पहिली क्रेटसुद्धा आत घेता येत नाही, आणि ती क्रेट यायच्या आदल्या आठवड्यात मालक स्वतःहून फोन करतो.

पैसे येण्याचा रस्ता

ऑटो-पे लावलं की वसुलीची कटकट संपली, असा समज होता. १८,००० वर १८ टक्के जीएसटी धरून रक्कम होते २१,२४०. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट (आपोआप वसुलीच्या ऑनलाइन संमतीच्या) नियमांत, जे १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले, कार्ड आणि यूपीआयवरच्या आवर्ती वसुलीला दर वेळी ओटीपी नको असेल तर मर्यादा आहे. आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. विमा, म्युच्युअल फंड यांना नंतर १ लाखाची सवलत मिळाली, सॉफ्टवेअरला नाही. म्हणजे वार्षिक रकमेला ओटीपी लागतोच, आणि मोबाइल मालकाच्या खिशात, मालक बागेत. सहामाही हप्ता केला तर १०,६२० होतात, मर्यादेत बसतात. पण वसुलीच्या किमान २४ तास आधी बँकेकडून जाणारा संदेश पाहून दोघांनी ‘फ्रॉड दिसतोय’ म्हणून मँडेटच रद्द केलं. खात्यातून नॅचने, म्हणजे बँकांच्या आपोआप वसुलीच्या व्यवस्थेने, वसुली हा वेगळा मार्ग. तिथे भागीदारी फर्मचं खातं संयुक्त सहीचं असलं की ऑनलाइन मँडेट होत नाही, कागदी फॉर्म, दोघांच्या सह्या, आणि सही जुळली नाही म्हणून परत.

६४ ग्राहकांसाठी हा उपद्व्याप नको, असं फर्मने ठरवलं आणि आमचंही मत तेच. महिन्याला ३००-४०० रुपये आणि हजारो ग्राहक असतील तर ऑटो-पे हवंच. इथे बिलावर यूपीआयचा क्यूआर, खाली एनईएफटीसाठी खात्याचा तपशील, आणि १५ जूनला एक फोन. पैसे जमा झाले की त्याच दिवशी लायसन्स फाइल जाते. चेक आला तर वटण्याची वाट न पाहता ३० दिवसांची फाइल आधी जाते.

करात दोन-तीन जागी ग्राहकांशी खटके उडतात. बिलावर एसएसी (सेवेचा जीएसटी कोड) ९९७३३१. सेवेत आगाऊ रक्कम आली की तेव्हाच कर लागतो, त्यामुळे वर्षाचे पैसे जूनमध्ये घेतले तर पूर्ण वर्षाचा जीएसटी जूनच्याच रिटर्नमध्ये. स्वतःचा माल निर्यात करणारा तो १८ टक्के क्रेडिट म्हणून परत मिळवू शकतो. पण जो फक्त दुसऱ्याच्या फळांचं प्रीकूलिंग, पॅकिंग, लेबलिंग करून देतो त्याची सेवा करमुक्त, म्हणून त्याला क्रेडिट नाही. त्याच्या लेखी किंमत २१,२४० च. अशाला ‘१८,००० प्लस जीएसटी’ सांगून नंतर बिल दाखवणं म्हणजे पुढच्या वर्षीचा ग्राहक गमावणं. टीडीएसचं म्हणाल तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४जे खाली वर्षाला ३०,००० ची मर्यादा होती, १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. एका पॅकहाऊसवाल्याचा प्रश्न येत नाही. चार पॅकहाऊस एका पॅनवर असतील तर ७२,००० होतात आणि टीडीएस कापला जातो. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा; बरेच मुनीम पूर्ण बिलावर कापतात.

जुने एकेचाळीस

यांच्या बिलावर ‘आजीवन परवाना’ असं छापलेलं. फर्मने आधी एक आगळीक केली: नव्या अपडेटमध्ये सर्वांना तीच लायसन्स फाइल लागू केली, तेव्हा जुन्या ग्राहकांना ‘मुदत’ दिसू लागली. पहिल्याच दिवशी फोन खणाणले. मोठ्या कंपन्यांनी हे वळण घेतलं तेव्हाही जुन्यांचं लायसन्स काढून घेतलं नव्हतं. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नवी कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबवलं, पण आधी विकलेली चालू ठेवली.

अपडेट मागे घेतलं. जुन्यांसाठी शेवटची आवृत्ती गोठवली. तिची जी लायसन्स फाइल काढली तिच्यात कुलपाच्या तारखेचा रकानाच नाही. त्या आवृत्तीत नवी लेबलं, नवे प्रिंटर येणार नाहीत. बिघाड दुरुस्ती एका हंगामापुरती. नव्यावर यायचं असेल तर पहिली दोन वर्षं १२,०००. फोनवरची मदत हवी असेल तर एएमसी, नाहीतर कॉलमागे ७५० रुपये. हा कॉलचा दर लागू झाल्यावर वर्षभरात १७ जण सबस्क्रिप्शनवर आले. सवलतीने आणले असतील त्याहून जास्त या साडेसातशेंनी आणले.

गोठवलेल्या आवृत्तीवर प्रकाशक म्हणून डिजिटल सही करताना टाइमस्टॅम्प (सही केव्हा झाली त्याचा शिक्का) लावायला मात्र फर्म विसरली होती. कोड-सायनिंग प्रमाणपत्राची मुदत संपल्यावर, टाइमस्टॅम्प नसलेली सही अवैध ठरते आणि विंडोज इन्स्टॉल करताना ‘अज्ञात प्रकाशक’ म्हणून अडवतं. परत सही करून फाइल वाटावी लागली. १ जून २०२३ पासून या प्रमाणपत्राची खाजगी की हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते. तो टोकन ज्या भागीदाराकडे असेल तो गावी गेला की त्या दिवशी अपडेट निघत नाही.

दर सप्टेंबरला फर्म ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरचा सेल काढते, प्लग उपटते, दहा मिनिटांनी लावते आणि नव्या पोराला समोर बसवते. ॲडमिन पासवर्ड द्यायचा नाही, इंटरनेट बंद. पहिलं लेबल किती मिनिटांत निघतं ते घड्याळ लावून पाहतात. २०२५ मध्ये चार मिनिटं लागली. त्यातली दोन एफ-वन दाबायचं की नाही या विचारात.

सटाण्याकडच्या पाच ग्राहकांचं अजून नीट बसलेलं नाही. त्यांचा माल ऑक्टोबरात सुरू होतो, म्हणजे नवा हंगाम सप्टेंबरातच उघडावा लागतो, आणि कुलपाची तारीख ३० नोव्हेंबर. पैसे न भरताही ते सबंध हंगाम काढू शकतात, कारण उघडलेला हंगाम बंद करायचा नाही असं फर्मनेच ठरवलंय. त्यांच्यासाठी कुलूप ३१ ऑगस्टला आणावं, असं थोरला म्हणतो. धाकटा म्हणतो, पाचातल्या चौघांनी जूनमध्येच १६,२०० भरलेत, पाचव्यासाठी वेगळी तारीख कशाला?